दिवाणखान्यांतील आगगाडी

लहान मुलाचें खेळणें मोठ्या माणसानें हातीं घेतलें म्हणजे लोक हंसतात. गोट्या, भोंवरा, विटीदांडू यांच्या बाबतींत हें हंसें फार काळ टिकत नाहीं. कारण प्रौढ खेळाडू स्वतःच ओशाळतो व खेळणें खालीं ठेवून देतो. परंतु एक खेळणें असें आहे कीं, तें एकदां मोठ्यांच्या हातीं गेलें तें सव्वाशें वर्षें झालीं तरी सुटलेलें नाहीं. त्याच्यासाठीं मंडळें स्थापन झालीं, मासिकें निघालीं, नियमांचीं पुस्तकें छापलीं गेलीं, आणि आमच्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांस शोभेल अशा कडाक्यानें दोन-अडीच मिलिमीटरांवरून पक्ष पडले. हें खेळणें म्हणजे लहान आगगाडी. तिचा, व विशेषतः तिच्या उपासकांचा, थोडासा इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या घरीं चावीची एक पत्र्याची गाडी होती. रूळ म्हणजे एक वाटोळें कडें. गाडी त्यावर सात-आठ फेरे घेई आणि चावी उतरली म्हणजे नेमकी कपाटाखालीं जाऊन थांबे. ती कोठून निघत नसे व कोठें जातही नसे. या गोष्टीचें आम्हांस त्या वयांतसुद्धां वैषम्य वाटे. पुढें या विषयावर वाचूं लागलों तेव्हां आढळून आलें कीं, हें वैषम्य आमचें एकट्याचें नव्हतें. त्या वाटोळ्या कड्यांतून बाहेर कसें पडावें याच विवंचनेंत पुष्कळ मोठमोठ्या माणसांनीं आपलीं आयुष्यें घालविलीं आहेत.

या कथेचा आरंभ भातुकलींत होतो. जर्मनींतील ग्योपिंगेन या गांवीं १८५९ सालीं मर्क्लिन नांवाच्या कारागिरानें बाहुलीच्या संसाराचीं पत्र्याचीं भांडीं करण्याचा धंदा काढला. १८६६ सालीं तो वारला. त्याची पत्नी कॅरोलिन हिनें तो धंदा मोठ्या हिकमतीनें चालविला; मालाचे नमुने घेऊन ती स्वतः गांवोगांव हिंडत असे. भातुकलीचा एक गुण आमच्या वाचकभगिनी जाणतातच. ती कधींही पुरी होत नाहीं. आज पोळपाट आला म्हणजे उद्यां चूल हवी, चूल आली म्हणजे हंडा हवा. मर्क्लिनच्या मुलांनीं हाच न्याय आगगाडीस लावला. १८९१ सालच्या लायप्झिगच्या जत्रेंत त्यांनीं जी गाडी मांडली तिचे रूळ तुकड्यातुकड्यांनीं विकत मिळत. त्यांत सांधे होते, फाटे होते, आणि रुळांमधील अंतरास क्रमांक दिलेले होते. त्यामुळें यंदां घेतलेला डबा पुढच्या वर्षीं घेतलेल्या रुळावर चालेल अशी हमी मिळाली. व्यापाराच्या दृष्टीनें ही युक्ति होतीच. पण तिच्यामुळें कडें प्रथमच फुटलें. गाडी आतां एका फलाटावरून निघून दुसऱ्या फलाटास जाऊं शकत होती.

इंग्लंडांत या खेळण्यास प्रौढत्व आलें तें नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या गृहस्थांमुळें. हे बॉयलर करणाऱ्याचे चिरंजीव. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यांची गांठ न्यूरेंबर्गच्या बिंग या खेळण्यांच्या कारखान्याशीं पडली. इंजिनें बिंगनीं करावीं, पण तीं जर्मन कल्पनेचीं नव्हत, तर इंग्लंडांत प्रत्यक्ष धांवणाऱ्या इंजिनांच्या बरहुकूम असावींत, असें ठरलें. आराखड्यांचें काम हेन्री ग्रीनली या अभियंत्यानें पत्करलें. त्या काळीं इंग्लंडांत शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या होत्या, प्रत्येकीचा रंग निराळा, आणि लोकांचा आपापल्या कंपनीविषयींचा अभिमान आपल्याकडील गांवच्या दैवताविषयींच्या अभिमानासारखा असे. आपल्याच गांवावरून जाणारें, आपल्याच रंगाचें इंजिन टेबलावर चालूं लागतांच वकील, डॉक्टर, पाद्री, कारकून अशा शहाण्यासुरत्या मंडळींस त्यानें वेड लावलें. १९१० सालीं लंडनमध्यें मॉडेल रेल्वे क्लब स्थापन झाला. अशा मंडळांत तो जगांतील सर्वांत जुना समजतात. १९६० पासून किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ त्याची स्वतःची इमारत आहे. बिंग घराण्याचें मात्र पुढें बरें झालें नाहीं. कारखाना १९३२ च्या मंदीच्या काळांत बुडाला. तें घराणें ज्यू असल्यामुळें नात्झी राजवटींत स्टीफन बिंग यांस मायदेश सोडून इंग्लंडांत यावें लागलें. ज्या देशाच्या मुलांसाठीं त्यांच्या कारखान्यानें तीस वर्षें गाड्या केल्या त्याच देशांत त्यांचा शेवट झाला.

आतां त्या मिलिमीटरांच्या वादाकडे वळूं. हा विषय रुक्ष दिसला तरी वाचकांनीं धीर धरावा, कारण या मंडळींचा स्वभाव यांतच कळतो. १९२२ सालीं बिंगच्या कारखान्यानें जेवणाच्या टेबलावर मावेल अशी गाडी बाजारांत आणली. रुळांतील अंतर सुमारें १६.५ मिलिमीटर. इंग्लंडांत खऱ्या रुळांतील अंतर ४ फूट ८ १/२ इंच असतें, तेव्हां १६.५ मिलिमीटर रूळ घेतला तर खऱ्या एका फुटास ३.५ मिलिमीटर हें प्रमाण पडतें. यूरोप व अमेरिका यांनीं हेंच प्रमाण पुढें सरळपणें स्वीकारलें. इंग्लंडची अडचण अशी कीं, तेथील बोगदे व पूल फार आरंभीचे, म्हणून अरुंद. त्यांतून जाणारीं इंजिनेंही अंगानें लहान. साडेतीनच्या प्रमाणांत केलेल्या इंग्रजी इंजिनाच्या पोटांत त्या वेळची चावी किंवा विजेची मोटार मावेना. तेव्हां तोड अशी काढली कीं, इंजिन एका फुटास ४ मिलिमीटर या प्रमाणानें मोठें करावें, आणि रूळ मात्र आहे तोच ठेवावा. म्हणजे अंगरखा मोठ्याचा आणि वहाणा धाकट्याच्या. ४ मिलिमीटरांच्या हिशेबानें रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर हवें. आहे तें १६.५. खऱ्या मापांत सांगावयाचें तर ही गाडी ४ फूट १ १/२ इंचांच्या रुळावर धांवते. सात इंचांचें असत्य तिच्या पायांखालीं आहे.

१९३८ सालीं लिव्हरपूलच्या हॉर्नबी कारखान्यानें हेंच माप उचललें व तें घरोघर गेलें. (मुंबईच्या जुन्या हॉर्नबी रोडचा, म्हणजे आतांच्या दादाभाई नौरोजी मार्गाचा, या हॉर्नबीशीं कांहीं संबंध नाहीं, तो हॉर्नबी अठराव्या शतकांतील मुंबईचा गव्हर्नर, आणि हा मेकॅनोचा जनक. आम्ही स्वतः बरींच वर्षें दोघांस एकच समजत होतों.) बहुसंख्य लोकांस हें असत्य दिसलेंच नाहीं, आणि ज्यांस दिसलें त्यांतील पुष्कळांनीं तें चालवून घेतलें. परंतु कांहींच्या डोळ्यांत तें कुसळासारखें सलूं लागलें. एकदां समोरून पाहिलें, आणि इंजिनाचीं चाकें पोटाखालीं आखडून घेतलेलीं दिसलीं, कीं मग दुसरें कांहीं दिसत नाहीं. अशांनीं प्रथम रूळ १८ मिलिमीटरांवर नेला. त्यानेंही समाधान न होऊन १९६६ सालीं कांहींजणांनीं थेट १८.८३ मिलिमीटरांचा पंथ काढला. या पंथाचा स्वीकार करणें म्हणजे दुकानांतून आणलेल्या प्रत्येक इंजिनाचीं चाकें उपटून नवीं बसविणें, आणि रूळ हातानें घालणें. त्यांत एक सांधा घालावयास कित्येक संध्याकाळ लागतात. बहुजनसमाज म्हणतो, "गाडी चालतां कामा, तीन फुटांवरून कोण मोजतो?" त्यावर पंथीयांचें उत्तर एवढेंच असतें कीं, आम्हीं मोजलें आहे. आजही दुकानांत मिळणारी इंग्रजी गाडी बहुधा साडेसोळावरच असते. या वादांत आमचा कल कोठें आहे तें सांगणें बरें: आम्ही साडेसोळावाले. परंतु ज्यास सात इंचांचें खोटें झोंपूं देत नाहीं अशा माणसाविषयीं आमच्या मनांत आदर आहे, आणि हिशेबाच्या वह्या तपासावयाच्या झाल्या तर आम्ही त्यासच बोलावूं.

मंडळाच्या संध्याकाळच्या गप्पा याच धाटणीच्या असतात. एका कोपऱ्यांत कोणी इंजिनास डाख देत असतो, दुसरा कानशीनें चाक घांसत असतो, आणि चहाच्या पेल्यावर रंगाचा विषय निघतो. लंडन-ब्रायटन मार्गाचा इंजिनियर विल्यम स्ट्राउडली यानें १८७० नंतर आपल्या इंजिनांस जो रंग दिला त्यास दप्तरीं नांव 'सुधारलेला हिरवा' असें होतें. प्रत्यक्षांत तो सोनेरी पिवळा, आपल्या पिकल्या हापुसाच्या जवळचा. पिवळ्यास हिरवा कां म्हटलें याविषयीं तर्क पुष्कळ. पण खरा वाद पुढेंच आहे: जुन्या तुकड्यावरून हुबेहूब रंग तयार केला तरी तो लहान इंजिनास द्यावा काय? मोठी वस्तु आपण दुरून पाहतों व मध्यें हवा असते, म्हणून रंग फिका दिसतो. तर मग लहान वस्तूवर तो मुद्दाम फिका करून लावावा, असें एक मत. दुसऱ्याचें मत, हवा दिवाणखान्यांतही आहे. रात्रीची शेवटची गाडी चुकेपर्यंत हें चालतें, आणि पुढच्या आठवड्यांत तेथूनच सुरू होतें. यास वेळेचा अपव्यय म्हणणारे लोक आहेत. आमच्या वाड्यांच्या ओट्यांवर संगीत नाटकांतील कोणतें पद कोणीं कसें म्हटलें याविषयीं ज्यांनीं रात्री जागविल्या त्यांनीं तरी तसें म्हणूं नये.

अमेरिकेंत या छंदाचा उदय कांहींसा अपघातानेंच झाला. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कावेन यानें १९०१ च्या सुमारास दुकानाच्या कांचेमागें गिऱ्हाइकांचें लक्ष वेधण्यासाठीं विजेची एक लहान गाडी करून दिली. गिऱ्हाइकें आलीं, पण मागूं लागलीं ती गाडीच. पुढें १९३५ सालीं मिल्वॉकी शहरीं तेथील शौकिनांची राष्ट्रीय संघटना झाली. तिनें चाकाची कड किती जाड असावी, सांध्यांतील फट किती असावी, याचीं मापें ठरवून दिलीं आणि एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालूं लागली. न्यू ऑर्लीन्सचे फ्रँक एलिसन यांनीं आणखी एक विचार मांडला. त्यांस रंगभूमीचा अनुभव होता. त्यांचें म्हणणें असें कीं, रूळ ही रंगभूमि, डोंगर-घरें हें नेपथ्य, गाड्या हीं पात्रें, आणि वेळापत्रक हें नाटक. पात्र रंगभूमीवर येण्यापूर्वीं विंगेंत उभें असतें. तसे पडद्यामागें रूळ ठेवावेत, तेथून गाडी 'मुंबईहून' यावी व तेथेंच 'मद्रासेस' निघून जावी. (गांवें अर्थात् आमचीं.) वाटोळ्या कड्याचा प्रश्न या एका कल्पनेनें सुटला. गाडी आतां कोठून तरी येत होती.

अमेरिकेंतील आणखी एका मंडळाचा उल्लेख केल्याविना राहवत नाहीं. मॅसॅच्यूसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयांत १९४६ च्या सुमारास विद्यार्थ्यांचें एक आगगाडी-मंडळ निघालें. युद्धकाळांत घाईनें उभारलेल्या एका लांकडी इमारतींत त्याची खोली होती. सभासदांत दोन जाती. एकांचें लक्ष टेबलावर, म्हणजे डबे, रंग, डोंगर यांकडे. दुसऱ्यांचें टेबलाखालीं, जेथें टेलिफोन कंपनीकडून मिळालेल्या जुन्या सामानाचें, हजारों तारांचें जाळें गाड्यांस व सिग्नलांस वागवीत होतें. या खालच्या मंडळींची बोली निराळी झाली. खटपटीचें, चातुर्याचें, विशेष उपयोगाचें नसलेलें असें एखादें काम साधलें म्हणजे त्यास ते 'हॅक' म्हणत व करणारास 'हॅकर'. १९५९ सालीं पीटर सॅमसन या विद्यार्थ्यानें मंडळाच्या शब्दांचा एक लहानसा कोशही केला. हीच मुलें पुढें विद्यालयाच्या गणकयंत्रांकडे वळलीं, आणि १९६२ सालीं अवकाशयुद्धाचा जो आद्य संगणक-खेळ निघाला त्यामागेंही या मंडळींपैकीं कांहीं होते. ज्या शब्दानें आज बँकांचे व्यवस्थापक दचकतात तो शब्द मुळांत आगगाडीच्या टेबलाखालीं, पाठीवर निजून तारा जोडणाऱ्या पोरांच्या तोंडचा आहे.

परंतु आमच्या सर्वांत आवडीचा उपासक इंग्लंडांतील एक पाद्री आहे. पाद्र्यांचा या छंदाकडे ओढा कां असावा हें आम्हांस उलगडलेलें नाहीं. बोलक्या इंजिनांच्या गोष्टी १९४५ पासून लिहिणारे ऑड्री हेही पाद्रीच, व त्यांच्याही घरीं गाडी होती. आम्ही म्हणतों ते रेव्हरंड पीटर डेनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीं एक कल्पित प्रश्न घेतला: ग्रेट सेंट्रल कंपनीनें बकिंगहॅम गांवापर्यंत फाटा नेला असता तर १९०७ सालीं तेथें काय दिसलें असतें? आणि उत्तर त्यांनीं आयुष्यभर बांधलें. गाड्या वेळापत्रकानें निघत. एका केबिनमधून दुसरीस घंटेच्या ठोक्यांनीं विचारावयाचें, 'गाडी घेतां काय?', तिकडून ठोक्यांनींच होकार यावयाचा, मग सिग्नल पडावयाचा. यास दुसरा माणूस लागे, आणि तें काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन करी. मुलगा नेहमीं कसा हजर असणार? तेव्हां डेनी यांनीं मेकॅनोचे तुकडे व घड्याळाचे भाग जोडून एक यंत्र केलें. तें ठरलेल्या वेळीं घंटेस उत्तर देई, सिग्नल देई, गाड्या सोडी. त्याचें नांव त्यांनीं ठेविलें 'स्वयंचलित क्रिस्पिन'. मुलगा घराबाहेर आपल्या उद्योगास गेलेला, आणि बाप रात्रीं एकटा बसून घंटेचे ठोके देतो आहे व पलीकडून त्याच्या नांवाचें यंत्र ठोक्यांनीं उत्तर देतें आहे, हें चित्र प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस हंसूं आलें. आतां येत नाहीं.

मध्यमवर्गाच्या घरांत जागा थोडी. त्यामुळें एखाद्या शाखामार्गाचें शेवटचें लहानसें स्टेशन फळीवर करावें, असा उपदेश १९५० पासून 'रेल्वे मॉडेलर' या मासिकाचे संपादक सिरिल फ्रीझर यांनीं चालविला होता. एक फलाट, एक धान्याची वखार, दोन डब्यांची गाडी. लोकांनीं तसें केलें. आणि १९६३ सालीं डॉक्टर बीचिंग यांचा अहवाल आला. त्यांत दोन हजारांहून अधिक स्टेशनें व सुमारें पांच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. तोट्याचे म्हणून प्रथम गेले ते शाखामार्गच. १९६८ च्या ऑगस्टांत मुख्य मार्गांवरील वाफेचें इंजिनही थांबलें. तोंपर्यंत जें टेबलावर होतें तें दाराबाहेरच्या वस्तूची प्रतिकृति होतें; आतां दाराबाहेर कांहींच राहिलें नाहीं. माळ्यावरील फळी हीच त्या स्टेशनाची उरलेली जागा झाली.

ही गोष्ट आधींच ओळखणारा एक माणूस होता. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ सालीं इंग्लंडांत आला तो रेल्वेच्या ओढीनें. पण ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यांतील गवती छपरांचीं घरें पाहून तो तेथेंच गुंतला. तीं घरें डोळ्यांदेखत पाडलीं जात होतीं, छपरें बदलत होतीं. त्यानें मापें घेतलीं, फोटो काढले, आणि जाड कागदाचीं घरें करावयास आरंभ केला. विटन् वीट कोरावयाची, रंगवावयाची, परसांतील भाजीसुद्धां जातवार ओळखूं यावी. एकेका घरास कित्येक महिने, कधीं वर्षें लागत. १९५४ सालीं लाँग विटनम या खेड्यांत त्यानें पेंडन नांवाचें संग्रहालय काढलें. १९९५ सालीं तो वारला. काम स्वयंसेवकांनीं पुढें चालविलें.

पेंडनचें आणखी एक पुण्य आहे. मोठी मांडणी भिंतीस खिळलेली असते, आणि बहुधा दारांतून बाहेर निघत नाहीं. कर्ता गेला म्हणजे घरच्यांपुढें एक भयंकर प्रश्न येतो, व त्याचें उत्तर पुष्कळदां करवतीनें द्यावें लागतें. कॅलिफोर्नियांतील जॉन ॲलन याची मांडणी त्या काळीं जगभर वाखाणलेली. १९७३ च्या जानेवारींत तो वारला आणि दहाव्या दिवशीं आग लागून ती जळाली. आमच्याकडील लोकांनीं त्या दहाव्या दिवसाचा कांहीं अर्थ लावला असता. जॉन अहर्न यानें १९३० नंतरच्या काळांत लंडनच्या घरीं उभारलेली मॅडर खोऱ्याची रेल्वे मात्र पेंडननें संभाळली आहे. डेनी २००९ सालीं वारले. त्यांचें बकिंगहॅम एका स्नेह्यानें नेऊन पुन्हा जोडलें.

आपल्याकडे या छंदाचें सर्वांत परिचित ठिकाण पुण्यास कोथरुडांत आहे. भाऊसाहेब जोशी यांनीं वर्षानुवर्षें जमविलेल्या व बनविलेल्या गाड्यांचें तें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. आम्ही गेलों तेव्हां मुलें सर्कशीच्या तंबूभोंवतीं जमलीं होतीं, आणि त्यांचे आजोबा सिग्नलाकडे पाहत होते. तेथील बहुतेक गाड्या मात्र यूरोपी थाटाच्या आहेत, आणि त्यावरून आमची एक जुनी हळहळ येथें नमूद करतों.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें १८९७ सालीं बार्शीची अडीच फुटी रेल्वे सुरू केली. पुढें ती पंढरपुरास व लातुरास गेली. किती वारकऱ्यांनीं तिच्या डब्यांतून विठ्ठलाचा मार्ग कंठला त्याची गणती नाहीं. त्याच कॅल्थ्रॉपनें बार्शीचा अनुभव गांठीशीं बांधून १९०४ सालीं इंग्लंडांत लीक व मॅनिफोल्ड ही तसलीच अडीच फुटी रेल्वे बांधली. तिचीं इंजिनें बार्शीच्या घडणीचीं, डबे आरंभीं फिक्या पिवळ्या रंगाचे, दोन्ही टोकांस गॅलरी. सोलापूर जिल्ह्यांतील गाडी स्टॅफर्डशरच्या दरींत शिरल्यासारखी दिसे. तीस वर्षांत, १९३४ सालीं, ती बंद पडली आणि रुळांच्या जागीं पायवाट झाली. परंतु इंग्रज शौकिनांनीं ती सोडली नाहीं. तिच्या नमुन्यांवर किती संध्याकाळ खर्च झाल्या असतील तें देव जाणे. बार्शीचा मार्ग आतां रुंद झाला आहे. कुर्डुवाडीचा फलाट, इंजिनांत पाणी भरतांना होणारी गर्दी, पताका खिडकींतून बाहेर काढून बसलेले माळकरी, असें कोणीं आपल्याकडे फळीवर मांडलें असल्यास आम्हांस तें पाहावयाचें आहे. पत्ता कळविल्यास स्वखर्चानें येऊं. चार मिलिमीटरांच्या प्रमाणांत अडीच फुटांस दहा मिलिमीटरांचा रूळ लागतो. बाजारांत मिळतो तो नऊचा, आणि त्या एका मिलिमीटरावरूनही वाद आहेच.